सतरा लाल फुल्या

चोवीस भागांतून उत्तम सात निवडायला प्रभुलिंगला सात मिनिटं पुरणार होती. तसं त्यानंच तालमीच्या कट्ट्यावर उभं राहून जाहीर केलं होतं! आणि प्रभुलिंगनं एकदा जाहीर केलेली गोष्ट मागं घेतल्याचं पेठेत कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"मी रोज आठशे लोखंडी कास्टिंग तपासतो," तो म्हणाला. "कागलच्या एमआयडीसीत माझ्या हाताखालनं भोकाचा एक नग भाईर गेला असंल तर दावा! चोवीस पुस्तकं म्हंजे काय? च्याच्या सुट्टीचं काम!"

ही पुस्तकं म्हणजे मंगा, जपानी चित्रकथा. प्रभुलिंगच्या कंपनीत दोन हजार तीन साली एक जपानी मशिन आलं आणि ते बसवायला तनाका नावाचे इंजिनिअर आले. आठ महिने राहिले. जाताना त्यांनी आपल्या लाडक्या फुटबॉल-मालिकेचे चोवीस भाग खोक्यात भरून प्रभुलिंगला दिले, वाकून, दोन्ही हातांनी. पुस्तकं जपानीत होती आणि प्रभुलिंगला जपानी येत नव्हतं. पण कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल समजायला भाषा कशाला लागते? डोक्यावर केसांचा तुरा असलेलं एक पोरगं, एक बॉल आणि चोवीस भाग. प्रभुलिंगनं पोराचं नाव 'तुऱ्या' ठेवलं आणि दोन वर्षांत सगळे भाग तीन-तीनदा वाचून काढले.

आता अडचण काय होती? पेठेचा फुटबॉल संघ तालमीचाच, आणि त्याच्या निवड समितीतला एक जण गडमुडशिंगीला सासऱ्याच्या गोठ्यावर कायमचा राहायला गेला होता. खुर्ची रिकामी पडली होती. त्या खुर्चीवर प्रभुलिंगचा अकरा वर्षं डोळा होता. पेठेत जन्मून पेठेची जर्सी त्याच्या अंगावर एकदाही चढली नव्हती, कारण त्याच्या पायांचे तळवे परातीसारखे सपाट! खेळता येत नाही तर नाही, निदान खेळणारे तरी आपण निवडावेत, एवढीच त्याची इच्छा होती.

तालमीचे अध्यक्ष हंबीरराव जुने गोलकीपर होते. हाताचे पंजे सुपाएवढे. त्या पंजांत त्यांनी एकदा मंगाचा एक भाग धरला होता, तेव्हा तो आगपेटीसारखा दिसला होता.

"प्रभ्या," ते म्हणाले, "कपांच्या कपाटात सात पुस्तकांची जागा हाय. चोवीसातनं सात निवडून दाव. चार माणसांत कारणं सांग. पटलं तर अकरा पोरं निवडाय तुला समितीवर घेतो. न्हाय पटलं तर पुन्हा इषय काढायचा न्हाय!"

"लावा की पैज!"

"आनि टाकलेली बी संगं आण. का घेतलं त्यापरीस का टाकलं, ते मला ऐकायचंय."

प्रभुलिंग घरी आला आणि त्यानं जेवणाच्या टेबलावर रीतसर तपासणी मांडली. एका हाताला पास माल, दुसऱ्या हाताला रिजेक्ट. बायको सौंदर्या निपाणीकडची, शांत स्वभावाची. भाकरी थापता थापता ती बघत होती.

"अहो, एक विचारू?" ती म्हणाली. "ह्या नवव्या भागात पोराच्या पायाला आधी प्लास्टर हाय, आनि पाय मागनं मोडतोय. ते कसं काय?"

"तीच तर जपानी पद्धत!" प्रभुलिंग खूश झाला. "आमच्या कंपनीचा रिपोर्ट बघ. वर निकाल: रिजेक्ट. कारण त्याच्या खाली. जपानी माणूस निकाल आधी सांगतो, कारण मागनं. बॉल आधी जाळीत, लाथ नंतर!"

"आनि पानांचे आकडे? सुरुवातीला एकशे नव्वद, शेवटाला एक?"

"किती पानं ऱ्हायली ते सांगत्यात गं! शिस्त म्हंत्यात ह्याला. आपल्याकडं कुठलं पुस्तक सांगतंय का, अजून किती ऱ्हायलं ते?"

"अय्य! आनि रंगीत चित्र मागच्या पुठ्ठ्यावर, पुढनं निस्तं साधं?"

"नम्रपणा! जपानी माणूस मिरवत न्हाय."

सौंदर्यानं भाकरी उलटली आणि विषय सोडला.

पहिला भाग मात्र तिलाही मान्य होता. त्या भागानं दोघांनाही रडवलं होतं. तुऱ्या गल्लीत मजेत बॉल खेळत असतो. मग घरी येतो. शेवटच्या पानांवर तो बॉल बापाच्या हातात देतो, बाप तो कागदात गुंडाळतो आणि मान खाली घालून दुकानात परत नेऊन देतो! गरिबी म्हणजे किती! प्रभुलिंगनं हा भाग पहिल्या नंबरानं पास केला.

चोविसावा मात्र फेकला. "पहिल्या पानावर डोक्यावर कप, आनि शेवटाला बाकावर बसून बुटाची नाडी बांधतोय. घसरगुंडी! असला खेळाडू पेठेला नको."

सात मिनिटं नव्हे, तीन दिवस लागले. पण शेवटी सात पास झाले, सतरा रिजेक्ट. मग प्रभुलिंगनं कंपनीतून आणलेला लाल ऑइलपेंटचा डबा उघडला आणि ब्रश बुडवला.

"अहो, पुस्तकावर रंग?"

"पद्धत म्हंजे पद्धत! फुली नसली की रिजेक्ट माल पासात मिसळतोय." तरी त्यानं दर्शनी बाजू खराब होऊ दिली नाही. सतराच्या सतरा फुल्या त्यानं मागच्या पुठ्ठ्यावर मारल्या. नेमक्या तुऱ्याच्या रंगीत तोंडावर.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्याच आठवड्यात मशिनच्या दुरुस्तीसाठी तनाकासाहेब पुन्हा कागलला आले, आणि प्रभुलिंगच्या डोक्यात वीज चमकली. परीक्षेला साक्षात जपानी प्रमुख पाहुणा! मग हंबीररावांची काय बिशाद!

रविवारी सकाळी तालमीचा हॉल गच्च भरला. तनाकासाहेबांना फेटा बांधला. तो त्यांच्या कपाळावरून घसरून चष्म्यावर टेकला, तरी ते हसतच होते. "या, या, टनाकाराव पावणं!" म्हणत हंबीररावांनी त्यांचा हात हातात घेतला. तो बराच वेळ दिसेनासा झाला. सौंदर्या बायकांच्या रांगेत पहिली बसली होती. टेबलावर सात भाग मांडले होते, खाली सतरा भागांचं खोकं.

प्रभुलिंगनं पहिला भाग उचलला आणि भाषण ठोकलं. गरिबी, त्याग, बापाची खाली घातलेली मान! मागच्या रांगेतल्या धोंडुबाई, तालमीत झाडलोट करणाऱ्या, पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "द्या की कुणीतरी त्या लेकराला बॉल!"

हंबीररावसुद्धा खाकरले. खुर्ची जवळजवळ मिळालीच होती!

"आता साहेब ह्यातलं चार पानं वाचून दाखवतील," प्रभुलिंग म्हणाला आणि पुस्तक तनाकासाहेबांपुढं धरलं.

तनाकासाहेबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, उलथं केलं आणि मागच्या पुठ्ठ्याकडून उघडलं.

प्रभुलिंग कानात पुटपुटला, "साहेब, उलटं धरलंय."

तनाकासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. पुस्तकाकडं बघितलं. प्रभुलिंगनं पुस्तक त्यांच्या हातातून काढून, सुलटं करून परत दिलं. साहेब सभ्य माणूस. त्यांनी मान लववली, ते तसंच धरलं, दोन पानं बघितली, आणि मग न राहवून हळूच म्हणाले, "प्रभू-सान. सॉरी. राँग साइड."

"साहेब काय म्हणालं?" हंबीररावांनी विचारलं.

"साहेब म्हणत्यात, निवड लई उत्तम हाय!"

पण उपयोग नव्हता. इंग्रजी कुणाला येवो न येवो, 'साइड' हा शब्द त्या हॉलमधल्या प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर मिळाला होता.

"ऑफसाइड!" मागून कुणीतरी ओरडलं.

"प्रभ्या ऑफसाइड!" अख्खा हॉल उठला. एकानं तर शिट्टीही फुंकली!

"गप बसा!" प्रभुलिंग टेबलावर हात आपटून म्हणाला. "साहेब जपानात ऱ्हात्यात, म्हणून वाचायची पद्धत त्यास्नीच ठावं, असं काय न्हाय! मी पंधरा वर्षं तपासणीत हाय!"

तनाकासाहेबांनी पुन्हा मान लववली. मग उजवीकडून पान उघडून त्यांनी बोट ठेवलं: एक. उलटलं: दोन. उलटलं: तीन.

"ते ऱ्हायलेली पानं सांगत्यात," प्रभुलिंग म्हणाला, पण आवाज थोडा खाली आला होता.

हंबीररावांनी टेबलावरचा नववा भाग उचलला आणि साहेबांसारखाच मागून उघडला. सुपासारख्या पंजानं पानं उलटत गेले. "हितं तुऱ्या पळतोय. हितं धडकला. हितं पाय मोडला. आनि हितं प्लास्टर!" त्यांनी पुस्तक वर धरलं. "सरकारी दवाखान्यात बी ह्याच क्रमानं करत्यात, प्रभ्या!"

हॉल असा हसला की कपाटातले कप वाजले.

दुसरा कुणी असता तर खाली बसला असता. प्रभुलिंग खुर्चीवर चढला! "बरं! समजा, उलटं वाचलं! म्हणून काय झालं? उत्तम माल कुठनं बी बघा, उत्तमच ऱ्हातोय! सात बरोबर, सतरा रिजेक्ट, ह्यात फरक न्हाय!" आणि आवेशात त्यानं खोकं उचलून टेबलावर पालथं केलं.

सतरा भाग पसरले. सगळे त्याच बाजूनं पडले, ज्या बाजूनं पडायला नको होते. सतरा रंगीत तुरे, सतरा लाल फुल्या.

हसणं थांबलं. तनाकासाहेबांनी फेटा वर सरकवला. चोविसावा भाग उचलून छातीशी धरला. फुलीवरून बोट फिरवलं. रंग पक्का होता, कंपनीचा. खुर्चीवर उभ्या असलेल्या प्रभुलिंगला आयुष्यात पहिल्यांदा उंचीची भीती वाटली.

मग साहेबांनी चोविसावा भाग उजवीकडून उघडला आणि पहिलं चित्र सगळ्यांना दाखवलं. तुऱ्या बाकावर बसून बुटाची नाडी बांधतोय. पानं उलटत गेले. तुऱ्या मैदानात. तुऱ्याला पास. लाथ. जाळी! आणि शेवटच्या पानावर डोक्यावर कप. हॉलमध्ये अशा शिट्ट्या झाल्या, जणू तो कप पेठेतच आला होता.

"बेस्ट व्हॉल्यूम," तनाकासाहेब म्हणाले.

हे मात्र भाषांतर न करता कळलं.

हंबीररावांनी बराच वेळ कपाळ खाजवलं. शेवटी ते उठले. "मंडळी, पैज ती पैज. निकाल सांगतो. प्रभुलिंगला आपण समितीवर घेतलाय!"

हॉल गार झाला. प्रभुलिंग खुर्चीवरून पडता पडता वाचला.

"आध्यक्ष, डोकं ठिकाणावर हाय काय?" कुणीतरी ओरडलं.

"हाय की! असला माणूस दिवा घेऊन हुडकला तरी घावायचा न्हाय. ह्यानं पोरं बघायची, ज्यास्नी नको म्हणंल त्यांच्यावर फुली मारायची. आनि ज्यांच्यावर फुली, ती आपण खेळवायची!"

त्या मोसमात पेठेचा संघ नऊ वर्षांनी उपांत्य फेरीत गेला. प्रभुलिंग कट्ट्यावर छाती काढून सगळ्यांना सांगत होता, "समितीत कोन हाय, बघा की जरा!" आणि ते खोटं नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी दुपारी तो खोकं घेऊन घरी आला तो तोऱ्यातच. "निवड बरोबरच हाय," तो चपला काढतानाच म्हणाला. "साहेबाचं मत वेगळं, माझं वेगळं."

सौंदर्यानं ताट वाढलं. जेवण झाल्यावर तो आतल्या खोलीत गेला, दार लोटून घेतलं आणि पहिला भाग उजवीकडून उघडला.

अर्ध्या तासानं ती चहा घेऊन गेली, तर तो शेवटचं पान बघत बसला होता.

"काय झालं?"

"काय न्हाय." त्यानं चष्मा पुसला. "बाप दुकानात गेलता. बॉल आणला त्यानं. कागदात गुंडाळून. पोराला दिला."

"दिला?"

"दिला की. मग पोरगं दिवसभर गल्लीत खेळतंय."

सौंदर्यानं चहा पुढं केला आणि म्हणाली, "म्हंजे आता सातच्या सात परत निवडायची?"

"कशाला? एकदा निवडली ती निवडली!" प्रभुलिंग ताठ बसला. चहाचा घोट घेतला. खोक्यातला एक भाग काढून लाल फुलीवर नख घासून बघितलं. बशी खाली ठेवली.

"सौंदर्या," तो हळूच म्हणाला, "घरात रॉकेल हाय काय गं थोडं?"