आचलच्या डोक्याला आराम

मूर्तिजापूरजवळच्या एका गावात कबड्डी खेळताना दहावीतल्या आचलचं डोकं समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर आपटलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मेंदूला हादरा बसला आहे, काही आठवडे डोकं दुखेल. आराम, मंद उजेड, मोबाइल कमी आणि शांतता हवी. अभ्यास, शाळा हळूहळू. दुखणं वाढलं किंवा उलट्या झाल्या तर लगेच घेऊन या.

गावाने हा सल्ला अत्यंत गांभीर्याने घेतला. मुलीला शांतता मिळते की नाही, हे पाहायला गाव घरी येऊ लागलं.

शेजारच्या दुर्गाबाई पहिल्या आल्या. त्यांनी आचलला हलवून जागं केलं.

"झोप लागून राहिली का व तुले?"

"लागली होती," आचल म्हणाली.

"लागलीच पाहिजे. डॉक्टरनं सांगतलं ना."

माजी सरपंच पुंजाजींनी तिच्या डोळ्यांवर मोबाइलचा उजेड मारला. तिने तोंड फिरवताच, "उजेड सहन होत नाही इले," असं निदान करून त्यांनी ते गावाच्या ग्रुपवर टाकलं. मग चौकशीचे फोन सुरू झाले. शाळाही मागे राहिली नाही. आचलसाठी शांतता फेरी निघाली आणि ढोल-ताशांसह तिच्या खिडकीखाली बराच वेळ थांबली.

आचल उशीत तोंड खुपसून रडली. "माय, मले दवाखान्यातच ठेव. तिथं भेटायची येळ तरी असते."

"लोकं मायेनं येतात, नाही कसं म्हणावं?" वडील सूर्यभान चहाचे कप मांडत म्हणाले.

"तुमी चहा पाजा," आई सुभद्राबाई म्हणाल्या. "पोरीले मी पाहतो."

दुसऱ्या दिवसापासून उजाडायच्या आत त्या आचलला झेंडूच्या मळ्यातल्या झोपडीत नेऊ लागल्या. घरी खोलीचं दार ओढून घेतलेलं असे. पाहुणे अंगणात बसत, बंद दाराला धीर देत, चहा पीत आणि समाधानाने जात. मळ्यात आचल झोपे, उठून थोडी फुलं तोडे, डोकं ठणकू लागलं की पुन्हा आडवी होई. हळूहळू ठणका उतरला. डॉक्टरांनी आधी अर्ध्या दिवसाची, मग पूर्ण शाळा सुरू केली.

गावाने लगेच सत्कार ठेवला. अर्थात आचलचा नाही. तिला भेटून भेटून बरं करणाऱ्यांचा. दुर्गाबाईंना शाल मिळाली. पुंजाजी 'रुग्णसेवा' या विषयावर माइक सोडेनात.

हे वाचून तुम्हालाही त्या पोरीची काळजी वाटली असेल. सुभद्राबाईंनी हात जोडून सांगितलं आहे, काळजी तुमच्या घरीच करा.