डिंबल्समध्ये झालेल्या विक्रीसंबंधी खुलासा

हॅडलबरी येथील डिंबल्स या गाण्यांच्या आणि सिनेमांच्या दुकानातून गेल्या महिन्यात एक सीडी विकली गेली. या घटनेबद्दल गावात उलटसुलट बोललं जात आहे आणि शेजारच्या गावचे लोक तर उघड उघड हसत आहेत. तेव्हा डिंबल्स बचाव समितीचा चिटणीस या नात्याने वस्तुस्थिती लोकांपुढे ठेवणं मला भाग आहे.

आधी पार्श्वभूमी सांगतो. डिंबल्सच्या शाखा एकेकाळी देशभर होत्या. पेठ म्हटली की तिथे बँक, बेकरी आणि डिंबल्स असायचंच. आमच्या पिढीने पहिली रेकॉर्ड तिथून घेतली आणि अनेकांची लग्नंही तिथल्या जॅझच्या खणापाशी जुळली. पुढे गाणी फोनवर येऊ लागली, सिनेमे घरबसल्या टीव्हीत उतरू लागले. तरी आमचं डिंबल्समध्ये जाणं थांबलं नाही. पाऊस आला की आम्ही जात असू. बस चुकली की जात असू. समोरच्या सलूनमध्ये बायकोचे केस कापून होईपर्यंत तर जातच असू. मॅनेजर मेल्विन टॅटरसॉल अदबीने पुढे येऊन विचारायचा, "काही मदत करू?" आम्ही तितक्याच अदबीने म्हणायचो, "नको, नुसतं बघतोय." असे आमचे फार जिव्हाळ्याचे संबंध होते.

मागच्या शरदात लंडनच्या मुख्य कार्यालयाने जाहीर केलं की नाताळपर्यंत विक्री वाढली नाही तर हॅडलबरीची शाखा बंद करण्यात येईल. गाव हादरलं. ज्यांनी कित्येक वर्षांत तिथून साधी बॅटरीसुद्धा घेतली नव्हती, त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आता पेठेत उरलं काय, असं जो तो विचारू लागला. तसं उरलं बरंच होतं. वाफेच्या सिगारेटींची दुकानं होती, नखं रंगवायची होती, घोड्यांवर पैसे लावायची होती. पण तिथे काही न घेता तासभर उभं राहू देत नाहीत.

चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली. चहा-बिस्किटांची सोय उत्तम होती. निवृत्त मुख्याध्यापिका रोझलिंड फेअरक्लफबाईंची अध्यक्षपदी एकमताने निवड झाली, कारण वाचवण्याच्या क्षेत्रात त्यांचा अनुभव दांडगा आहे. कोपऱ्यावरचा लाल टेलिफोन बूथ त्यांनीच वाचवला (आत फोन नाही). सार्वजनिक शौचालयही त्यांनीच वाचवलं (कुलूप असतं). सभेत एकेकाने उठून डिंबल्सच्या आठवणी सांगितल्या. कोणी रडलं, कोणी गायलं. सगळ्यात शेवटी मागच्या रांगेतून मेल्विन उठला.

"मला वाटतं," तो चाचरत म्हणाला, "प्रत्येकाने महिन्याला एखादी सीडी जरी घेतली ना, तरी..."

काही जण बिस्किटांकडे बघू लागले. भर लग्नात कोणी हुंड्याचा विषय काढावा, तसं सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. प्रसंग फेअरक्लफबाईंनी सांभाळला.

"मिस्टर टॅटरसॉल, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," त्या म्हणाल्या. "पण ही वेळ खरेदीची नाही. ही वेळ कृतीची आहे."

टाळ्यांच्या कडकडाटात सह्यांची मोहीम सुरू झाली. सह्यांचे कागद डिंबल्सच्या गल्ल्यावरच ठेवण्यात आले. सही करायला लागलेली रांग बेकरीच्या पुढे गेली. रांग दिसली की आमचा माणूस आधी उभा राहतो आणि मग ती कशाची आहे ते विचारतो, त्यामुळे ती वाढतच गेली. खरोखर काही घ्यायला आलेली दोन-चार माणसं गर्दी बघून परत फिरली. त्याच सुमाराला लोक दारात फुलांचे गुच्छ आणून ठेवू लागले. डिंबल्सचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं. एके दिवशी ते उघडेना. मेल्विन मागच्या खिडकीतून उडी मारून पुढे आला आणि गुच्छ बाजूला सारू लागला, तेव्हा एका बाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"लोकांच्या दुःखाची काही चाड आहे की नाही?"

"अहो बाई, मी अजून मेलेलो नाही," मेल्विन म्हणाला.

"माहीत आहे. पण आम्हाला उशीर करायचा नव्हता."

त्या महिन्यात विक्री शून्यावर आली. नवीन वर्षात सबंध डिंबल्स कंपनीच बुडाली आणि गावोगावच्या शाखांना टाळं लागलं. आमच्या शाखेला मात्र लागलं नाही, कारण तोवर फेअरक्लफबाईंनी नगरपालिकेच्या वारसा जतन विभागाचे अधिकारी ज्युलियन प्रॉक्टर यांना दुकान दाखवायला आणलं होतं. प्रॉक्टरसाहेब दारातच गुडघ्यांवर बसले. त्यांनी गालिच्यावरून हात फिरवला. त्यावर कॉफीचा एक जुना डाग होता. तो बघून ते इतके हेलावले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पंधरवड्यात आदेश निघाला. डिंबल्स, हॅडलबरी, हे संरक्षित वारसास्थळ घोषित झालं.

मेल्विनला मी इतका आनंदी कधीच पाहिला नव्हता. "म्हणजे दुकान उघडं राहणार?" त्याने प्रॉक्टरना विचारलं.

"कायमचं."

"मग मी नवीन माल मागवतो. आणि हा जुना जरा स्वस्तात काढून..."

"माल?" प्रॉक्टर दचकले. "माल कुठला आता? ही मूळ अंतर्गत मांडणी आहे. खणातली एक सीडी जरी हलली तरी खणाचं स्वरूप बदलतं."

"पण साहेब, हे दुकान आहे. मी विकू काय?"

"उद्या तुम्ही चर्चचे खांब विकायला काढाल," प्रॉक्टर म्हणाले आणि त्यांनी डागाचा फोटो काढला.

काही लोक म्हणतात की विक्रीवर सरसकट बंदी होती. हे साफ खोटं आहे. विक्रीसाठी रीतसर अर्ज करता येत होता. गिऱ्हाईकाला ती वस्तू का हवी याचं निवेदन, पर्यायी वस्तूचा विचार केल्याचा पुरावा, शेजाऱ्यांची ना हरकत, आणि विक्रीमुळे परिसरातल्या वटवाघळांवर काही परिणाम होणार नाही असा तज्ज्ञाचा अहवाल, एवढं जोडलं की अर्ज विचारात घेतला जाई. एकाही नागरिकाने अर्ज केला नाही, यावरूनच मागणी किती होती ते दिसतं. 'आज निम्म्या किमतीत' अशा चिकटपट्ट्याही मूळ अवस्थेत राखल्या गेल्या.

वसंतात डिंबल्स आमच्या समितीच्या देखरेखीखाली लोकांसाठी खुलं झालं, आणि पेठेत जान आली. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले आमचे स्वयंसेवक प्रत्येक खणापाशी उभे राहून माहिती देऊ लागले. तिकीट लावलं होतं, तरी लोक आनंदाने काढत. 'मी डिंबल्स वाचवलं' असं छापलेले चहाचे मग हातोहात खपले. शाळांच्या सहली आल्या. एका मुलीने आपल्या बाईंना विचारलं की लोक इथे एवढ्या डब्या ठेवायचे तर मग गाणी कुठे ठेवायचे, आणि ते ऐकून आम्हा सगळ्यांचा ऊर भरून आला.

मेल्विनलाही आम्ही वाऱ्यावर सोडलं नाही. त्याला 'ऐतिहासिक विक्रेता' या पदावर नेमलं. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा तो विक्रीचं प्रात्यक्षिक करून दाखवायचा. गिऱ्हाईकाचं काम आमचे जेफ्री हॉलरॉइड करत. जेफ्री सीडी निवडायचे, मेल्विन ती पिशवीत घालायचा, गल्ला खणकन वाजायचा, प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. मग जेफ्री पिशवीतून सीडी काढून होती तिथे ठेवायचे. सुरुवातीला मेल्विन हे मन लावून करायचा. पुढे पुढे पिशवी रिकामी होताना तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायला लागला. मला त्याचं मनापासून वाईट वाटलं, म्हणून मी त्याला एक मग आणून दिला. सवलतीच्या दरात.

आता प्रत्यक्ष घटना. त्या दिवशी दुपारच्या प्रात्यक्षिकाला डोरीन ग्रिमशॉ नावाच्या आजी आल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी गावची बस चालवली. तिकीट काढल्याशिवाय आत सोडत नाहीत म्हणून त्यांनी तिकीटही काढलं होतं. जेफ्री गल्ल्यापाशी पोचतच होते, इतक्यात डोरीनबाई त्यांना ओलांडून पुढे गेल्या.

"बाळा," त्या मेल्विनला म्हणाल्या, "ब्रास बँडचं काही आहे का रे? माझ्या नवऱ्याला, स्टॅनला, वृद्धाश्रमात ठेवलंय. आता मलासुद्धा ओळखत नाही. पण बँड लागला की मांडीवर बोटं नाचवतो. होती ती सीडी झिजून गेली."

"आहे की," मेल्विन म्हणाला.

"बाई, गिऱ्हाईक मी आहे," जेफ्रींनी आठवण करून दिली.

"मग घे की काहीतरी. नुसता खांबासारखा काय उभा राहिलास?"

मेल्विन खणापाशी गेला. दोन-तीन सीडी त्याने काढून पाहिल्या, एक निवडली. डोरीनबाईंनी पर्समधून पैसे काढून दिले. मेल्विनने गल्ला उघडला. "पिशवी देऊ?" त्याने विचारलं, आणि हे विचारताना त्याचा आवाज चिरकला. प्रेक्षकांना वाटलं, काय सुंदर अभिनय. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच डोरीनबाई दारातून बाहेर पडल्या. जेफ्री धापा टाकत त्यांच्यामागे धावले.

"बाई, ती परत ठेवायची असते."

"का? पैसे दिलेत की मी."

"अहो, इथे पैसे घेतात ते नुसतं बघायचे."

"मग बघितलं मी," डोरीनबाई म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

ब्रास बँडच्या खणात बोटभर फट पडली. प्रॉक्टरसाहेबांनी येऊन ती मोजली आणि तिच्याभोवती दोरी बांधली. चौकशी समिती बसली. फेअरक्लफबाईंनी मेल्विनला बाजू मांडायची पूर्ण संधी दिली, हेही मला इथे नमूद केलं पाहिजे.

"तुम्ही विक्री केलीत, हे कबूल आहे?"

"आहे."

"कोणाचा दबाव होता? तब्येत बरी नव्हती?"

"नाही हो. त्यांना हवी होती. माझ्याकडे होती."

"हा काही खुलासा झाला नाही, मिस्टर टॅटरसॉल. एवढ्या मेहनतीने आम्ही हे दुकान वाचवलं..."

"मला ते वाचवायचं नव्हतं, बाई," मेल्विन म्हणाला. "मला ते चालवायचं होतं."

त्याला एकमताने कामावरून कमी करण्यात आलं. त्याच्या जागी एक निवृत्त दंतवैद्य विनामोबदला उभे राहतात आणि मेल्विनचं काम ते मेल्विनपेक्षा चांगलं करतात, असा पाहुण्यांचा अभिप्राय आहे. ती फट आता दुकानातलं सर्वांत लोकप्रिय स्थळ आहे. तीही वारसायादीत घ्यावी, असा ठराव आम्ही पाठवला आहे.

मेल्विन गुरुवारच्या बाजारात टेबल टाकून जुन्या सीडी विकतो, असं आमच्या कानावर आलं. समिती सूडबुद्धीने वागत नाही. आम्ही सगळे मिळून तिथे गेलो. टेबलापाशी डोरीनबाई आणि आणखी कोणी म्हातारेकोतारे डब्या उलटसुलट करून बघत होते. मेल्विन त्यांच्याशी हसून बोलत होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"घाबरू नका, मिस्टर टॅटरसॉल," फेअरक्लफबाई प्रेमाने म्हणाल्या. "तुमचं हे टेबल आम्ही वाचवणार आहोत."

"नका हो. हात जोडतो तुम्हाला," मेल्विन म्हणाला. "वाचवू नका. त्यापेक्षा एखादी सीडी घ्या."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सीडी लावायचं यंत्र आमच्यापैकी एकाच्याही घरी नव्हतं, आणि हे त्याला तोंडावर सांगणं बरं दिसलं नसतं. तेवढ्यात फेअरक्लफबाईंनी सह्यांचे कागद बाहेर काढले. ते दिसताच मेल्विनने टेबल मिटलं, खोकी गाडीत टाकली आणि तो निघून गेला. गर्दीतल्या एकाने त्याच्या जागी लगेच फुलं ठेवली. आम्हाला वाईट वाटलं, पण उपकाराची जाण सगळ्यांनाच असते असं नाही.

खुलासा इथे संपतो. मात्र या अनुभवाचा फायदा इतरांनाही व्हावा अशी समितीची इच्छा आहे. तुमच्याही गावात एखादं जुनं दुकान असेल, पुस्तकांचं, कॅसेटचं, कशाचंही. ते बंद पडतंय म्हणून तुम्ही चारचौघांत हळहळत असाल. आम्हाला जरूर कळवा, आम्ही येऊ. तुमची एक सही, एक आठवण आणि दुकानासमोर उभं राहून काढलेला एक फोटो, एवढं पुरेल. तिथून तुम्ही शेवटचं काय विकत घेतलंत, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. तुम्हीही आता आठवत बसू नका. चटकन आठवलं असतं, तर दुकानाला आमची गरजच पडली नसती.