तक्त्यात नसलेलं वेत

बासष्ट बसगाड्या! रोज सकाळी बासष्ट बसगाड्या माझ्या पेन्सिलीच्या टोकावरून सुटायच्या आणि संध्याकाळी तिथेच परत यायच्या. बस डेपोच्या वेळापत्रक विभागात मी कारकून होते. त्यामुळे सासऱ्यांनी परगावी जाताना दोन ससे माझ्या हवाली केले, तेव्हा मला हसूच आलं. बासष्ट गाड्या सांभाळणाऱ्या बाईला दोन सशांचं काय ओझं!

गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची आहे. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी मागच्या व्हरांड्यात ससे पाळले. पांढरीशुभ्र मादी, तिचं नाव राणीसाहेब. आणि राखाडी नर, छाती काढून बसणारा, तो सुभेदार. घरात माणसांशी मोजून चार शब्द बोलणारे बाबा सशांशी मात्र तासन्‌तास गप्पा मारायचे.

अशात दूरच्या एका गावातलं मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलं. त्या घड्याळाची नाडी बाबांशिवाय कुणाला कळत नव्हती. पावणेदोन महिन्यांचं काम! आणि इकडे राणीसाहेब गाभण.

"सूनबाई, नीट ऐक," बाबा म्हणाले. "नराकडे लावल्यापासून एकतीस दिवसांनी ही विणार. अठ्ठाविसाव्या दिवशी पेटीत गवत घालून ठेव. पिल्लं सहा आठवडे आईजवळ, मग दूध तोडायचं. त्यानंतरच हिला पुन्हा सुभेदाराकडे न्यायचं. तोवर त्याला लांब ठेव. व्यालेल्या दिवशीसुद्धा ही पुन्हा गाभण राहू शकते!"

"बाबा, तुम्ही निर्धास्त जा," मी म्हणाले. "मी तक्ता करते."

आणि केलाच! तीन रंगांच्या पेन्सिली, पट्टीने आखलेल्या रेघा. विणे: लाल. दूध तोडणे: हिरवा. पुन्हा लावणे: निळा. तक्ता व्हरांड्यात टांगला. नवरा म्हणाला, "सुंदर आहे. सशांना कितवीला बसवतेस?" मी लक्ष दिलं नाही.

एकतिसाव्या दिवशी राणीसाहेब बरोब्बर व्याल्या! सात पिल्लं! उघडी, गुलाबी, शेंगदाण्यासारखी. मी लाल चौकोनावर ऐटीत फुली मारली आणि ऑफिसला गेले.

परत येऊन बघते तर राणीसाहेब पेटीपासून लांब बसून निवांत गवत चघळतायत. पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाहीत! तासाभराने पाहिलं, तेच. मी नवऱ्याला पिटाळलं. तो जनावरांच्या डॉक्टरांना ओढतच घेऊन आला.

डॉक्टर आडदांड, आवाज भोंग्यासारखा. त्यांनी एक पिल्लू तळहातावर घेऊन पोट दाखवलं. गच्च भरलेलं! "बाई, सशाची मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते. तेही पाच मिनिटं. उगाच पेटीत सारखं डोकावू नका. तुमच्यावर कुणी असं लक्ष ठेवलं तर चालेल का?"

मी ओशाळले. पण बाबांना पत्र टाकलं : "सात पिल्लं. सर्व वेळापत्रकाप्रमाणे."

चार आठवडे झकास गेले. पिल्लांना लोकर आली, डोळे उघडले, ती व्हरांडाभर लाह्यांसारखी उडायला लागली. मी दर रविवारी तसंच पत्र टाकत होते. आणि एक दिवस राणीसाहेब स्वतःच्या छातीची लोकर उपटायला लागल्या! तोंडात गवताचा हा एवढा भारा घेऊन कोपऱ्यात येरझाऱ्या!

"खरूज!" मी किंचाळले. पुन्हा डॉक्टर.

त्यांनी तिच्या पोटाखाली हात घातला आणि हसले. "आजारी नाही. ही एक-दोन दिवसांत विणार आहे."

"शक्य नाही!"

"का?"

"तक्त्यात नाही!"

डॉक्टरांनी तक्ता वाचला. मग शांतपणे विचारलं, "पहिलं वेत झालं त्या दिवशी नर जवळ आला होता?"

"मुळीच नाही! मी स्वतः..."

मागे भांडं पडल्याचा आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या. चेहरा परीक्षेत कॉपी करताना धरलेल्या मुलीसारखा!

"आई?"

"अगं, तू ऑफिसला गेलीस," त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या. "तो बिचारा सकाळपासून जाळीला नाक लावून बसला होता. बाप आहे गं तो! म्हटलं, लेकरांची तोंडं तरी बघू दे. पाव तास सोडला असेल."

"त्याने तोंडं बघितली?"

"पेटीकडे फिरकलासुद्धा नाही मेला!"

डॉक्टरांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

आता जागेची पंचाईत! डॉक्टर म्हणाले, पिल्लं गवत खायला लागलीत, निभावतील, पण आजच दूध तोडा. पिल्लांना हलवू नका, आईला हलवा. म्हणून राणीसाहेब गेल्या सुभेदाराच्या पिंजऱ्यात आणि सुभेदार आले न्हाणीघरात. नवरा आंघोळीला गेला की ते मागच्या पायाने धाडधाड जमीन आपटायचे. नवरा डोक्याला साबण लावलेला बाहेर यायचा आणि म्हणायचा, "आधी त्यांचं होऊ दे."

मी धसकाच घेतला होता. पुन्हा कुणाला सुभेदाराची दया आली तर? दोन दिवस रजा टाकली. घाईत अर्जात लिहिलं, "घरी अवेळी बाळंतपण असल्यामुळे."

रविवारी दुपारी दारात ऑफिसातल्या चार बायका! हातात विणलेली टोपडी, दुपटी, पावडरचा डबा. त्यांनी माझ्या सपाट पोटाकडे पाहिलं. मग हळूच सासूबाईंकडे पाहिलं. मग एकमेकींकडे.

"बाळ-बाळंतीण सुखरूप ना?" एकीने खालच्या आवाजात विचारलं.

"अगदी!" सासूबाई खुशीत म्हणाल्या. "सहा झाली! ह्यांना अजून कळवलंच नाहीये. परगावी आहेत ना!"

चौघींचे चेहरे आजही डोळ्यांसमोर आहेत. व्हरांड्यात नेऊन पेटी दाखवेपर्यंत त्यांच्यातल्या दोघी खुर्चीत बसल्या होत्या. पण मग काय हसल्या! टोपडी वाया गेली नाहीत. पेटीत अंथरली.

सासूबाईंचं आणि माझं खरं सूत जमलं ते त्या आठवड्यात. तोवर आम्ही एकमेकींशी जपूनच बोलायचो. आता रोज सकाळी दोघी पेटीपाशी उकिडव्या बसून एकेक पोट तपासायचो. धाकट्या सहांतलं एक फारच किरकोळ होतं. इतरांच्या रेट्यात त्याला दूध मिळेना. सासूबाई राणीसाहेबांना मांडीवर धरायच्या, मी त्याला एकट्याला लावायचे. पाचव्या दिवशी त्याचं पोट गच्च लागलं तेव्हा सासूबाईंनी डोळे पुसले, आणि मीही.

बाबा परतले ते थेट व्हरांड्यात गेले. आम्ही दोघी दाराआड. त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. तेरा! मग तक्त्यासमोर उभे राहिले.

"बाबा, चूक माझी..." मी सुरुवात केली.

"नाही, माझी!" सासूबाई पुढे झाल्या.

बाबांनी दोघींकडे पाहिलं. "तक्ता छान काढलास," ते म्हणाले. "राणीसाहेबांना वाचून दाखवला होतास का?"

बस्स, एवढंच! ओरडणं नाही, काही नाही. ते तिथेच बसले, तेराही पिल्लं अंगावर घेऊन. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "आता दोन महिने हिला विश्रांती. फार झिजली आहे." त्यांच्यानंतर इतकी वर्षं गेली, पण त्यांची आठवण आली की तीच दुपार समोर येते : सदऱ्यावर लोकर, खिशातून बाहेर डोकावणारे दोन कान, आणि सशांसाठी राखून ठेवलेला तो मऊ आवाज पहिल्यांदाच माझ्याशी बोलताना.

मोठी सात पिल्लं दहा आठवड्यांची झाली. आता नर आणि माद्या वेगळ्या करायच्या होत्या. "हे काम तुमचं नाही," बाबांनी आम्हाला बजावलं. त्यांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं, एकेक पिल्लू उताणं धरलं आणि न्यायाधीशासारखा निकाल देत गेले. "नर. नर. मादी. नर..." चार नर, तीन माद्या. दोन पिंजरे. मधे फळी.

पुढे तीन महिन्यांनी एका सकाळी मी गवत घालायला गेले, तर बाबा नरांच्या पिंजऱ्यासमोर पुतळ्यासारखे उभे. आत, कोपऱ्यात, लोकरीच्या गादीवर पाच गुलाबी शेंगदाणे वळवळत होते.

बाबांनी खिशातून भिंग काढलं, त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि परत खिशात टाकलं.

"सूनबाई," ते माझ्याकडे न बघता पुटपुटले, "हे तुझ्या सासूला सांगू नकोस."

"मी पहाटेच बघितलंय," स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "तुझ्या ऑफिसातल्या त्या चार बायकांना निरोपही धाडलाय. टोपडी लागतील ना!"