बिनमुंडक्याचे परब

आमच्या परबांचं वजन हेल्मेट आणि सेफ्टी शूज धरून पंचावन्न किलो भरेल. आणि हा माणूस दर सहा महिन्यांनी माझ्या खिडकीशी येऊन युनिफॉर्मचा शर्ट मागतो तो ट्रिपल एक्सेल! अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपात मी स्टोअरकीपर आहे. नाना तऱ्हेची माणसं पाहिली, पण एका शर्टात दोन परब मावले पाहिजेत असा हट्ट धरणारा परब हा एकच.

"अहो, गुडघ्यापर्यंत येतो तो!" मी म्हणायचो.

"येऊ दे. वर कमी पडता नये."

वर म्हणजे कुठे, देव जाणे. जुना शर्ट परत यायचा तेव्हा कॉलरचं बटण हमखास तुटलेलं असायचं.

दुसरं वेड गावच्या भुताचं. नवा माणूस लागला की चहाच्या सुट्टीत परब त्याला पकडणार. "आमच्या गावच्या घाटीत घोडेस्वार फिरतो. पांढरा घोडा, कमरेला तलवार, आणि मानेच्या वर... खलास!" एकदा एका केरळी वेल्डरने विचारलं, "सर नहीं तो देखता कैसे है?" परब शांतपणे म्हणाले, "घोडे को है ना? बस. अपना साहब कैसे चलता है?"

आम्ही हसायचो. मीही हसायचो, त्या दुपारपर्यंत.

जेवणाची सुट्टी होती. ग्लोव्हजचं खोकं ठेवायला मी मागच्या शेडमध्ये गेलो. पाइप ठेवायच्या लोखंडी स्टँडला आम्ही घोडा म्हणतो. त्या घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून एक माणूस बसला होता. हात होते, पाय होते, खांदे होते. मुंडकं नव्हतं! आईशप्पथ सांगतो, खोकं पायावर पडलं तरी मला कळलं नाही. अबुधाबीत, टळटळीत उन्हात भूत! आणि ते भूत फोनवर बोलत होतं.

मी किंचाळलो. भुताने घाईघाईने फोन बंद केला आणि शर्टातून परबांचं टक्कल बाहेर आलं.

"परब!" मी खेकसलो. "तुम्ही क्रेन चालवता! डोकं फिरलंय का? मी सेफ्टीवाल्यांना सांगणार."

परब घोड्यावरून खाली उतरले. सांगितलं तर नोकरी गेलीच, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"उद्या दीड वाजता ये," ते म्हणाले. "आधी बघ. मग सांग कोणाला सांगायचं ते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावी व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्याच हातात दिला. पलीकडे त्यांची बहीण होती, आणि तिच्या शेजारी खाटेवर आई. आईला दोन वर्षांपासून काही आठवत नाही, परब हळूच म्हणाले. लहानपणी ते बापाचा शर्ट डोक्यावर ओढायचे, कॉलरचं बटण टाळूवर लावायचे आणि झाडूवर बसून घोडेस्वार व्हायचे. आई घाबरल्याचं सोंग करायची. तेवढं एक तिच्याकडे उरलंय.

"अहो, पण चेहरा दाखवा ना," मी म्हणालो. "आई आहे ती. ओळखेल."

परब कॅमेऱ्यासमोर तसेच, उघड्या चेहऱ्याने बसले.

म्हातारी केवढ्याने ओरडली! "ह्यो कोण मेलो? माझो झील खंय गेलो?" हाच तुझा मुलगा, असं बहीण समजावत होती, म्हातारी तिच्या पदराआड लपत होती. डोकं असलेला माणूस बघून इतकं घाबरलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं. माझ्याच अकलेचे दिवे!

परबांनी शर्ट वर ओढला, टाळूवर बटण लावलं आणि घोड्यावर टांग टाकली. टाचेने लोखंडावर टापा वाजवल्या. टक टक, टक टक.

म्हातारी पदराआडून हळूच डोकावली. मग तिचं बोळकं सगळं उघडलं.

"इलंस रे माझ्या राजा! घोड्याक पाणी दिलंस?"

"दिलंय गे आये."

"आणि तू जेवलंस? तोंड नाय तर जेवतंस खंयसून?"

तिकडे आई हसत होती. इकडे शर्टाच्या आतून परबही हसले.

कॉल संपला तरी परब घोड्यावरून उतरेनात. बटण निघत नाही म्हणाले. मी काढायला गेलो तर कॉलर ओलीचिंब होती. बटण काढायची मला मुळीच घाई झाली नाही.

सेफ्टीवाल्यांना मी काही सांगितलं नाही. परवा नवे शर्ट आले. ट्रिपल एक्सेलचे दोन बाजूला काढले, आणि दुहेरी दोरा घेऊन त्यांच्या कॉलरची बटणं मी स्वतः पक्की शिवली.