काळ्या गाडीचं चारित्र्य

जगात निष्कलंक असं काही नसतं, हे ऑडिटरसाहेबांनी उभ्या नोकरीत कागदोपत्री सिद्ध केलं होतं. अपवाद एकच, त्यांची स्वतःची काळी गाडी. तिला कधी परका हात लागलेला नाही, ओरखडा तर दूरच, हे नातेवाईक जेवायला जमले की ते वाढणं सुरू होण्यापूर्वीच सांगून घेत. रोज सकाळी जुन्या बनियनच्या कोरड्या फडक्याने, गोल गोल हात फिरवत, ते तिला पुसत. पाण्याने गंज चढतो, असा त्यांचा सिद्धान्त होता.

या ख्यातीला भुलूनच त्यांच्या साडूने ती विकत मागितली. साडू दातांचे डॉक्टर. मेहुणी नुकतीच गाडी चालवायला शिकली होती आणि घरातलीच, सांभाळलेली गाडी बरी, असं त्यांचं ठरलं. रविवारी बघायला यायचं होतं.

शनिवारी दुपारी बायको अंगणात कपडे वाळत घालत होती. उन्हाची तिरीप गाडीवर पडली होती.

"अहो, हिच्या अंगावर कोळ्याने जाळं विणलंय का?"

साहेब वाकले. सबंध गाडीभर बारीक चऱ्यांची वर्तुळं होती, आणि वर्तुळांत आणखी वर्तुळं. ते तडक रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि कोरड्या फडक्याने कोण पुसतं, एवढंच विचारलं. साहेबांनी ते ड्रायव्हरवर ढकललं. त्यांच्याकडे ड्रायव्हर नव्हता.

पॉलिशचा डबा आला. संध्याकाळपर्यंत पुढचा एक दरवाजा असा झाला, की त्यात बघून भांग पाडावा. मग साहेबांचा खांदा गेला. नाही म्हणायला एक दरवाजा तरी झाला, या समाधानात ते झोपले.

रविवारी डॉक्टर टॉर्च घेऊनच गाडीभोवती फिरले. चऱ्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या दरवाजापाशी मात्र थबकले आणि टिचकी मारली.

"ही कॅप आहे."

"म्हणजे?"

"हा दरवाजा नंतरचा. तोंडात एकच दात चकाकत असला, तर तो मूळचा नसतो. कुठे ठोकलीत, साडूभाऊ?"

साहेबांनी पॉलिशचा डबा आणून दाखवला. डॉक्टर समजूतदारपणे हसले. कवळीवाले पेशंटही आधी पेस्टचंच नाव सांगतात, म्हणाले.

साहेबांनी आठवडाभराची मुदत मागितली, रजा टाकली, भाड्याने मशीन आणलं आणि उरलेली गाडीही त्या दरवाजाच्या पंक्तीला नेऊन बसवली. चरा औषधालाही उरला नाही. पुढच्या रविवारी डॉक्टरांनी एकच फेरी मारली, टॉर्च विझवली आणि ते पायरीवर बसले.

"म्हणजे सगळीच कवळी. गाडी उलटलीच होती की."

बायकोने नवऱ्याला दाराआड ओढलं. "खरं सांगून टाका ना. तुमच्या फडक्याने चरे पडले, ते घालवलेत. त्यात लाजायचं काय?"

साहेबांनी विचार केला. अपघात काय, कुणालाही होतो, आणि बहुधा समोरच्याच्या चुकीने होतो. पण रोज सकाळी, मायेने, स्वतःच्या हाताने गाडीची सालटी काढली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. ते बाहेर आले.

"उलटली होती," ते म्हणाले.

"कधी?"

"ही माहेरी गेली होती तेव्हा."

बायको दारातच उभी होती. तिने पदर खोचला.

"अगं बाई. आणि तुम्हाला कुठे लागलं होतं हो तेव्हा?"

"खांद्याला."

एवढं मात्र खरं होतं.

डॉक्टर उठले आणि त्यांनी साहेबांचा हात हातात घेतला. लपवलं नाहीत हे फार बरं केलंत, म्हणाले. इतक्या सरळ माणसाची गाडी डोळे झाकून घ्यावी. मग किल्ली घेऊन ते गाडी घेऊन गेले. साहेब फाटकाशी उभे राहून, हातातलं फडकं विसरून, ती वळेपर्यंत बघत राहिले.

महिन्याभरात गाडीला पांढरा रंग दिला. मेहुणीला काळा आवडत नव्हता.