वरच्यांची मोरी

घर विकायला दलाल कशाला हवा? तोंड असलं की झालं! आणि तोंडाच्या बाबतीत देवाने मला देताना हात अजिबात आखडता घेतलेला नाही, हे आमच्या कचेरीत कोणालाही विचारा.

पण सुरुवात झाली ती साडूमुळे. हा गृहस्थ माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आणि राहतो कुठे, तर बरोबर आमच्या डोक्यावर! आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. घरं सारखी, अगदी खोली न् खोली. तरी आमची ही वर जाऊन आली की म्हणणारच, "ताईकडे किती मोकळं वाटतं हो!" आता बोला!

तर गल्लीच्या टोकाचं एक बैठं घर विकायला निघालं. पुढे छोटंसं अंगण आणि जिना नाही. हिचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरतायत. अडतीस पायऱ्या चढून आली की पिशवी खाली ठेवते आणि दहा मिनिटं नुसती बसून राहते. तेव्हा ते घर आम्हाला हवंच होतं. आणि नेमकं साडूलाही हवं होतं. कशासाठी? तर झाडं लावायला! घराचे मालक एक निवृत्त कंपाउंडर. त्यांनी सरळ सांगितलं, "तुमच्यापैकी ज्याचं घर आधी विकलं जाईल, त्याला देईन."

साडूने दुसऱ्याच दिवशी एक दलालबाई नेमली.

"आपणही त्यांनाच सांगू या ना," ही म्हणाली.

"साडूच्या दलालीणबाईंना? म्हणजे आधी त्याचं विकणार आणि उरलंच एखादं गिऱ्हाईक तर आपल्याकडे पाठवणार! मी आठ दिवसांत विकून दाखवतो!"

"भाऊजी म्हणत होते, ज्याचं काम त्याने करावं..."

"भाऊजींचं नाव काढू नकोस!"

मी पेपरात जाहिरात दिली आणि रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. पहिला आला एक बँकवाला. त्याला मी घराचा साद्यंत इतिहास सांगितला. कुठल्या खिळ्यावर पूर्वी काय टांगलेलं होतं, इथपर्यंत! दीड तासाने त्याने पाणी मागितलं. मी आत जाऊन पाणी आणतो तो काय, गडी पसार!

दुसऱ्या आल्या एक शिक्षिका. त्यांनी साधं विचारलं, "वर कोण राहतं?" झालं! माझ्या जिभेला हाडच राहिलं नाही. साडूचा सकाळचा खोकला, त्याची नवी गाडी, त्या गाडीबद्दलच्या त्याच्या बढाया, सगळं ओकलो. बाई उठल्या. "घर छान आहे," म्हणाल्या, "पण मला शेजार शांत हवा."

आणि वर? वर रांग लागली होती! मी जिन्यात काहीतरी शोधतोय असं दाखवून साडूच्या दारातल्या चपला मोजून यायचो. एका संध्याकाळी सहा जोड! खरं सांगतो, जळलो. त्या रात्री जेवण गेलं नाही.

"तुम्ही चपला मोजायला गेला होतात ना?" हिने विचारलं.

"छे! मी बल्ब बघत होतो."

सहाव्या दिवशी आलं एक जोडपं. नवरा दातांचा डॉक्टर. प्रत्येक भिंतीवर बोटाने टकटक करून बघायचा, जणू कीड कुठे लागलीय ते शोधतोय. पण घर आवडलं होतं! त्याच्या बायकोने तर कपाट कुठे बसेल तेही ठरवलं. मी मनातल्या मनात कंपाउंडरांच्या दारात पोचलोही होतो. तेवढ्यात डॉक्टरने वर बघितलं.

"छताला हा डाग कसला?"

शहाणा माणूस म्हणाला असता, करून घेऊ दुरुस्त. पण साडूला नावं ठेवायची संधी चालून आलेली!

"तो डाग आमचा नाहीच मुळी!" मी म्हणालो. "वरच्यांची मोरी गळते! बिघाड वरच्या घरात आहे, आमचं घर खणखणीत! चला, दाखवतोच!"

"अहो, राहू द्या," ही मागून म्हणाली. पण मी निम्मा जिना चढलोसुद्धा होतो.

वर दलालबाईंनी दार उघडलं. "या," एवढंच म्हणाल्या. मी दोघांना थेट मोरीत नेलं.

"इथे तर सगळं कोरडं आहे," डॉक्टरची बायको म्हणाली.

"असणारच! पाणी सगळं आमच्याकडे येतं ना!"

"म्हणजे या घराला गळतीचा त्रास नाही?"

"एका थेंबाचा नाही! सगळा त्रास खालच्यांना!"

"आणि चौथ्या मजल्याची मोरी?"

"ती नवी करून घेतलीय. आमच्या साडूनेच भांडून करून घेतली. भांडायला पटाईत!"

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. डॉक्टरने भिंतीवर टकटक केलं. "दोन्ही घरं सारखीच आहेत ना?"

"खोली न् खोली!" मी छाती काढून म्हणालो.

दलालबाई खिडकी उघडत होत्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या, इतक्या प्रेमाने की मला जरा शंका यायला हवी होती.

त्यानंतर चौथ्याच दिवशी साडूचं घर डॉक्टरने घेतलं आणि कंपाउंडरांचं घर साडूने. साडू स्वतः खाली येऊन माझा हात हातात धरून म्हणाला, "तुमचे उपकार कसे फेडू? बाई म्हणाल्या, असा माणूस बघितला नाही!" मी दातओठ खात "अहो, त्यात काय" म्हणालो.

ही भांडली असती तर बरं झालं असतं. बाजारातून आली, पिशवी ठेवली आणि गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने घराची किल्ली दलालबाईंच्या हातात दिली. त्यांनी डॉक्टरला एकदा फोन केला आणि मोरी एका दिवसात दुरुस्त! तीन वर्षं मी त्यावरून भांडत होतो. शिवाय पुढच्या चौकात दुसरं बैठं घर निघणार आहे म्हणे, अंगण नाही पण पायरी एकच. हिचा चेहरा उजळला.

"मी विकून देते," बाई म्हणाल्या. "फक्त एक अट. गिऱ्हाईक येईल तेव्हा वहिनी घरात चालतील. तुम्ही नाही."

"मग मी जाऊ कुठे?"

"ते तुमच्या साडूंशी बोलून ठेवलंय."

म्हणून हल्ली दर रविवारी सकाळी दहा ते एक मी साडूच्या अंगणात, साडूच्या खुर्चीत, साडूचा चहा पीत बसलेला असतो. तो एकेक झाड दाखवतो आणि मी म्हणतो, "वा! किती मोकळं वाटतं हो तुमच्याकडे!"