उसनं डोकं

जावई-षष्ठीच्या, म्हणजे जावयांना बोलावून जेवू घालण्याच्या बंगाली सणाच्या, आदल्या दिवशी प्रोफेसर क्षितीश लाहिडींनी दोन्ही जावयांना फोन करून एक प्रश्न विचारला. बोलपुरात तो आजवर कुठल्याच सासऱ्याने विचारला नसेल.

"उद्या माशाचं डोकं खाणार का?"

"नको हो बाबा," थोरले जावई प्रणवेश म्हणाले. "युरिक अ‍ॅसिड वाढलंय. डॉक्टरांनी डोकं बंद केलंय."

धाकटा अर्क दिल्लीत वाढलेला. तो म्हणाला, "खरं सांगू? ते डोळे बघतात माझ्याकडे. आणि काटे किती असतात!"

प्रोफेसरांनी समाधानाने फोन ठेवला. जन्मभर त्यांनी कल्याणाचं अर्थशास्त्र शिकवलं होतं. लहानपणी दुष्काळात तांदळाने भरलेल्या दुकानांसमोर माणसं मरताना त्यांनी पाहिली होती, आणि पुढची सगळी पुस्तकं त्यातूनच आली. माणसाला काय मिळालं एवढंच मोजू नका, मिळालेल्याचं तो काय करू शकतो ते बघा, असं ते सांगत. षष्ठीला माशाचं डोकं हा जावयाचा मान; पण त्या हिशेबाने युरिक अ‍ॅसिडवाल्याला डोकं वाढणं हा मान नव्हता, दंड होता.

ही षष्ठी साधी नव्हती. पूर्वी सगळं त्यांची बायको मणिकुंतला करायची. जावयांच्या मनगटाला पिवळा दोरा बांधायची, ताडाच्या पंख्याने वारा घालायची, ताटं भरायची. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. थोरल्या मुलीने, रुमकीने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, षष्ठी नीट झाली तर तुम्ही एकटे राहू शकता असं समजू. नाहीतर कोलकात्याला आमच्याकडे यायचं. घराला कुलूप."

प्रोफेसरांना कोलकात्याला जायचं नव्हतं. मणिकुंतलेच्या साड्या अजून कपाटात होत्या. आज वांगी करू की पडवळ, हे ते अजूनही तिच्या खोलीच्या दारात उभे राहून विचारत. उत्तर येत नसे, पण विचारल्यावर ठरवायला सोपं जाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात कोळ्याने मोठा कटला कापला.

"डोकं वेगळं बांधू?"

"डोकं नको."

कोळ्याची सुरी थांबली. "बाबू, आज षष्ठी आहे. घरी जावई येणार ना?"

"दोघं येणार. दोघंही खात नाहीत. मी विचारलंय."

"विचारलंय?" कोळी शेजारच्या कोळिणीकडे बघून म्हणाला, "ऐकलंस? यांनी विचारलंय!"

मागे उभ्या असलेल्या एका बाईने ते डोकं मागून घेतलं आणि आशीर्वाद देत निघून गेली. कोणाचं काही गेलं नाही आणि एकीचं भलं झालं. हे फळ्यावर त्यांनी शेकडो वेळा काढून दाखवलं होतं, पण घडताना आज पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी ताटं मांडली. भात, डाळ, पाच तऱ्हेची भाजी, कोळंबी, कटल्याचे जाडजूड तुकडे, आंबे, लिची. प्रोफेसर पंखा घेऊन बसले. धाकट्या तुतुलने ताटांकडे पाहिलं आणि खाली वाकून पुन्हा पाहिलं.

"बाबा, डोकं कुठाय?"

"दिलं."

"कोणाला?"

"एका बाईंना. तुम्ही ओळखत नाही. मीही ओळखत नाही."

"जावयाच्या ताटात डोकं नाही? माझ्या सासूबाई ताटाचा फोटो मागतात बाबा! काय पाठवू? पडवळ?"

"पण हे दोघे खात नाहीत म्हणाले."

सगळ्यांनी जावयांकडे पाहिलं. प्रणवेश रुमालाने चष्मा पुसू लागले. "खात नाही म्हणालो मी," ते हळूच म्हणाले. "वाढू नका असं कुठे म्हणालो?"

"मीही तेच," अर्क म्हणाला. त्याचंही तोंड उतरलं होतं.

रुमकी शांतपणे म्हणाली, "तुतुल, बाबांची बॅग माळ्यावर आहे ना गं?"

प्रोफेसर पंखा ठेवून मागच्या दाराने निघाले ते थेट शेजारच्या तरुलताबाईंच्या स्वयंपाकघरात. तरुलताबाई विधवा, मणिकुंतलेची मैत्रीण. त्यांच्या कढईत रोहूचं भलंमोठं डोकं तळून ठेवलेलं होतं.

"वहिनी, अर्ध्या तासासाठी हे डोकं उसनं द्याल?"

"डोकं उसनं? पुस्तकं लिहून लिहून तुमचं स्वतःचं संपलं का?"

प्रोफेसरांनी सगळं सांगितलं. बाई खूप वेळ हसल्या, मग गंभीर झाल्या. "न्या. पण रात्री आमचा जावई येतोय. अख्खं परत आणायचं. एक डोळा जरी कमी झाला तर बघा."

"तो प्रश्नच नाही. खाणारं कोणी नाहीये तिकडे."

डोकं आलं. आधी प्रणवेशच्या ताटात ठेवलं, फोटो झाला. मग उचलून अर्कच्या ताटात, पुन्हा फोटो. प्रोफेसर खूश झाले. रस्त्यावरच्या दिव्यासारखं हे डोकं, एकाने वापरलं म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही! मुली पायस, तांदळाची खीर, आणायला आत गेल्या.

प्रणवेश मात्र डोकं गेलं त्या दिशेने बघत होते. "अर्क, तुला भीती वाटते ना? सरकव इकडे."

"राहू द्या दादा. माझ्या ताटातलं आहे."

"अरे, तुला ते फोडता यायचं नाही. दिल्लीची माणसं पनीर खाणारी."

"काय म्हणालात?" अर्कने बाही वर केली आणि डोकं मधोमध फोडलं. प्रणवेशनी अर्धं ओढून घेतलं.

प्रोफेसर ओरडले, "अरे, थांबा! युरिक अ‍ॅसिड! काटे!" पण ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. मुली पायस घेऊन आल्या तेव्हा दोन ताटांत नुसती हाडं उरली होती आणि दोन्ही जावई बोटं चाटत होते.

"तुम्ही फोनवर नको म्हणाला होतात," प्रोफेसर हताशपणे म्हणाले.

"बाबा," प्रणवेश म्हणाले, "फोनवर डोकं समोर नव्हतं."

मग उसनवारी उघडी पडली. तुतुल डोक्याला हात लावून खाली बसली. प्रोफेसरांनी समजवायचा प्रयत्न केला. "हे बघा, दोघांचा फायदा झाला, एकीचं नुकसान. फायदा जास्त आहे. त्यातून भरपाई देता येण्यासारखी असली की शास्त्राच्या दृष्टीने झालं ते ठीकच."

"देता येण्यासारखी म्हणजे? द्यायची की नाही?"

"प्रत्यक्ष दिलीच पाहिजे असं शास्त्र म्हणत नाही."

"मग जा आणि तरुमावशींना शास्त्र सांगा," रुमकी म्हणाली. "आल्यावर बॅग भरू."

संध्याकाळी प्रोफेसर संदेश मिठाईचा डबा घेऊन तरुलताबाईंकडे गेले. व्हरांड्यात जावयाच्या चपला दिसेनात. बाई एकट्याच पंख्याने वारा घेत बसल्या होत्या.

"वहिनी, डोकं गेलं. तुमच्या जावयाची माफी मागायला आलोय."

"तो येणार नाहीये. सकाळीच फोन आला. सुट्टी नाही म्हणाला."

"मग अख्खं परत का मागितलंत?"

"घरात असलं की बरं वाटतं," बाई म्हणाल्या. "केलेलं होतं, एवढं तरी म्हणता येतं."

प्रोफेसर पायरीवर बसले. ते त्यांना समजलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. रुमकी आणि तुतुल माफी मागायला आल्या होत्या. त्यांना बघताच तरुलताबाईंनी पंखा आपटला.

"या! तुमच्या नवऱ्यांनी माझ्या जावयाचं डोकं खाल्लं!"

"मावशी, उद्या सकाळी दुसरं आणून देऊ," तुतुल म्हणाली.

"उद्याच्या डोक्याचं मी काय करू? षष्ठीचं डोकं षष्ठीलाच परत यायला हवं. पुढच्या वर्षी. तुमच्या बाबांनी स्वतः आणलेलं, तुमच्याच घरातून. आणि यांना कोलकात्याला नेणार म्हणे! उसनं बुडवून? मणिकुंतलेने कधी वाटीभर साखर ठेवून घेतली नाही माझी. तिच्या मुली अशा निघाव्यात?"

आईचं नाव निघताच मुली फाटकाकडे वळल्या. जाताना रुमकी एवढंच पुटपुटली, "ठीक आहे. पुढच्या षष्ठीपर्यंत राहा. पण बाबा, फोन करून कोणाला काही विचारायचं नाही."

फाटक बंद झालं.

"वहिनी, तुमच्या जावयाला डोकं आवडतं ना?"

"छे! शिवतसुद्धा नाही तो."

"बरं," प्रोफेसर उठत म्हणाले. "मग मोठं आणतो."